टेकडीवरचा राडारोडा थांबवायचा तर आधी गाडीची वाट बंद करा

पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका सोसायटीच्या रहिवाशांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीच्या मागे वनविभागाची टेकडी आहे. रात्री अकरानंतर तिथे डंपर येऊन राडारोडा टाकतात, दिवसा टेम्पोतून फुटक्या फरशा आणि जुने कमोड येतात, शनिवारी रात्री गाड्या लावून दारू पिणं चालतं आणि उन्हाळ्यात आग लागते. फलक लावून झाले, श्रमदान झालं. आता वर्गणी काढून कॅमेरे बसवायचे आहेत, तर ते कुठे बसवावेत?

माझं उत्तर असं की वर्गणी जरूर काढा, पण ती कॅमेऱ्यावर घालवू नका, निदान सुरुवातीला तरी. वनखात्यातली माझी बहुतेक वर्षं शहराला लागून असलेल्या परिक्षेत्रांत गेली. तिथे हा एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पाहिला आणि उपाय जवळपास प्रत्येक वेळी एकाच क्रमाने लागू पडले. आधी गाडी जाईल अशी वाट बंद करायची, मग पडलेला ढीग उचलायचा, मग माल कुठून आला ते शोधायचं. कॅमेरा त्यानंतर येतो आणि फलक सर्वांत शेवटी.

यामागचं कारण डंपरवाल्याच्या हिशेबात आहे. त्याला पैसे खेपेवर मिळतात. पुणे महापालिकेचं राडारोड्यावर प्रक्रिया करणारं केंद्र वाघोलीच्या बाजूला आहे. वारजे, बावधन किंवा कोथरूडमध्ये जुनी इमारत पाडली तर तिथला माल घेऊन सगळं शहर ओलांडावं लागतं. त्यात अवजड वाहनांना बंदी असलेले तास, डिझेल, केंद्रावरची रांग आणि शुल्क. त्याऐवजी टेकडीच्या पाठीमागच्या कच्च्या वाटेने पंधरा-वीस मिनिटांत गाडी रिकामी होत असेल तर एका रात्रीत दोन-तीन खेपा जास्त निघतात. हा फायदा शाबूत आहे तोवर ‘येथे कचरा टाकल्यास कारवाई करण्यात येईल’ या पाटीचा काहीही उपयोग नाही. त्याच पाटीच्या पायाशी ढीग पडलेले तुम्ही पाहिलेच असतील.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करा, ती म्हणजे जमीन नेमकी कोणाची. पुण्याच्या टेकड्यांवर मालकीची गोधडी आहे. एकाच उतारावर राखीव वन, महापालिकेची जागा, गायरान आणि खाजगी गट शेजारी शेजारी असतात. शिवाय समाविष्ट गावांमधली सुमारे 978 हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानाच्या, म्हणजे बीडीपीच्या, आरक्षणाखाली आहे आणि तिच्यात खाजगी मालकीही मोठी आहे. ढीग वनजमिनीवर असेल तर वनरक्षक, वनपाल, परिक्षेत्र वन अधिकारी ही साखळी. खाजगी किंवा महापालिकेच्या जागेवर असेल तर क्षेत्रीय कार्यालय. गायरान असेल तर तहसीलदार. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. म्हणून गट क्रमांक काढा, सातबारा पाहा, वनहद्दीचे खांब प्रत्यक्ष चालून शोधा आणि ढिगाचं ठिकाण अक्षांश-रेखांशासह नकाशावर टाका. बीट (वनरक्षकाच्या ताब्यातला भाग) आणि कंपार्टमेंट (त्या भागातला वनखंड) यांचा क्रमांक वनरक्षक सांगेल. तक्रारीत तो क्रमांक लिहिलेला असला की कार्यालयात तो अर्ज बाजूला सारता येत नाही.

आता ढिगाकडे नीट पाहा, कारण ढीग पुष्कळ काही सांगतो. सुटे, शंकूसारखे, एकमेकांपासून अंतरावर पडलेले ढीग असतील तर तो खेपा वाचवणाऱ्याचा उद्योग आहे. पण ढीग पसरवून सपाट केले असतील, कडेला जेसीबीच्या दातांच्या खुणा असतील, भराव दर आठवड्याला पुढे सरकत असेल, तर तिथे कचरा टाकला जात नाही, जमीन तयार केली जात आहे. हेतू रस्त्याचा, वाहनतळाचा किंवा प्लॉटचा असतो. मुंबईच्या खाडीकाठी कांदळवनांवर हेच घडत आलं. आधी राडारोडा पडतो, भरतीचं पाणी अडतं, झाडं वाळतात आणि मग ‘इथे वन नव्हतंच’ असा दावा उभा राहतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये कांदळवनांत राडारोडा टाकायला मनाई केली आणि सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालातही कांदळवन संरक्षणाची जबाबदारी शासनावर स्पष्टपणे टाकली. टेकडीवर सपाट केलेला भराव दिसला तर तक्रारीत ‘कचरा’ हा शब्द मथळ्याला वापरूच नका. ‘वनजमिनीवर अतिक्रमणाच्या हेतूने भराव’ असं लिहा आणि अर्ज थेट उपवनसंरक्षकांना द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. अशा प्रकरणात एक पावसाळा गेला तरी उशीर होतो, कारण त्यावर गवत उगवतं आणि भराव जुना दिसू लागतो.

तुमच्या वर्णनावरून तुमचे ढीग सुटे आहेत. तेव्हा आता वाटेकडे येऊ.

भरलेला हायवा, म्हणजे मोठा डंपर, कुठूनही वर चढत नाही. त्याला रुंद, बऱ्यापैकी पक्का आणि गाडी वळवायला जागा असलेला रस्ता लागतो. एखाद्या टेकडीला अशा जागा मोजक्याच असतात, बहुतेक वेळा दोन-तीन. त्या रात्री नाही, सकाळी चालत जाऊन शोधा. चाकांच्या दुहेरी खुणा, वळणावर खरडलेली झाडांची साल, सांडलेली खडी माग दाखवतात. अशा प्रत्येक तोंडाशी आडवा चर हवा. वरची रुंदी दीड मीटर, खोली एक मीटरहून जास्त, आणि निघालेल्या मातीचा बांध जंगलाच्या बाजूला. चराच्या पुढे मोठे दगड अर्धे जमिनीत गाडून ठेवा. नुसते वर ठेवलेले दगड जेसीबी पाच मिनिटांत बाजूला करतो. चर आणि गाडलेला दगड दोन्ही असले की त्याचा वेळ जातो, आणि वेळ जाणं हाच या धंद्यातला तोटा आहे.

हे काम वनविभागानेच करायचं असतं. वनजमिनीवर नागरिकांनी परस्पर जेसीबी लावला तर तो स्वतःच वनगुन्हा ठरू शकतो. तुमची वर्गणी इथे उपयोगी पडते: परिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी प्रस्ताव द्या, जागा दाखवा, यंत्राचा खर्च सोसायटी किंवा एखादी कंपनी सामाजिक दायित्व निधीतून देईल असं सांगा. निधी नाही हे उत्तर तिथेच संपतं. काम करून घेताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक, चर उताराच्या दिशेने सलग खणू देऊ नका. पावसाळ्यात त्याचा ओढा होतो आणि माती खाली तुमच्याच वाहनतळात येते. चर समपातळीत असावा आणि मधे मधे मातीचे आडवे टप्पे सोडलेले असावेत. दोन, एक तोंड उघडं ठेवून तिथे कुलूपबंद आडवा लोखंडी दांडा बसवावा, म्हणजे आग लागली तर पाण्याचा टँकर वर जाईल. किल्ली वनरक्षकाकडे आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे, म्हणजे स्थानिक लोक आणि वनविभाग यांच्या समितीकडे, आणखी कोणाकडेही नाही. किल्ल्या वाटल्या की दांडा कायमचा उघडा राहतो.

बांधावर पहिल्या पावसात करवंद, सागरगोटा, चिल्हार, हेंकळ लावा. काट्यांचं कुंपण उभं राहायला तीन-चार वर्षं लागतात, पण ते चोरीला जात नाही, त्यातून मुंगूस, ससे, तितर जाऊ-येऊ शकतात आणि करवंदं माणसांनाही मिळतात. सिमेंटची सलग भिंत मात्र मागू नका. ती प्राण्यांच्या वाटा तोडते, आणि माझ्या अनुभवात भिंतीच्या आतली बाजू कोणाच्याच नजरेला पडत नसल्यामुळे उलट जास्त घाण होते.

दुसरं काम ढीग उचलण्याचं. ते फार महत्त्वाचं आहे आणि त्याचीच सर्वांत जास्त टाळाटाळ होते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात झालेला एक प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. एका गल्लीत लावलेल्या सायकलींच्या हँडलला जाहिरातीची पत्रकं अडकवली. भिंत स्वच्छ होती तेव्हा 33 टक्के लोकांनी पत्रक खाली टाकलं. भिंत रेघोट्यांनी विद्रूप केल्यावर 69 टक्के लोकांनी टाकलं. टेकडीवर हेच मोठ्या मापात घडतं. पहिला ढीग आठवडाभर पडून राहिला की पुढच्या चालकाला ती ‘जागा’ वाटते, आणि तो दुसऱ्याला सांगतो. म्हणून नवा ढीग दिसल्यापासून दोन-तीन दिवसांत तो हलला पाहिजे. अडचण अशी की वनविभागाकडे डंपर नसतात आणि महापालिकेकडे असले तरी जमीन तिची नसते. यावर चालणारा तोडगा म्हणजे दोन्ही कार्यालयांना एकच संयुक्त पत्र देणं आणि दोघांच्या प्रतिनिधींना एकाच दिवशी जागेवर बोलावणं. जागेवर उभं राहून झालेलं बोलणं पत्रव्यवहारापेक्षा लवकर तडीस जातं.

पण उचलण्याआधी पंचनामा झालाच पाहिजे, नाहीतर पुरावाही त्याच गाडीतून जातो. पंचनाम्यात ‘मोठ्या प्रमाणात राडारोडा’ असं लिहिलेलं असतं आणि तिथेच प्रकरण लुळं पडतं. माप लिहून घ्या. शंकूसारख्या ढिगाच्या तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले तीन. तळाचा व्यास 16 फूट आणि उंची 6 फूट असेल तर सुमारे 400 घनफूट, म्हणजे चार ब्रास. एक ब्रास राडारोडा साधारण चार टन धरला तर तो एकच ढीग 16 टनांचा झाला. शिवाय किती झाडं मोडली, किती चौरस मीटर गवत गाडलं गेलं, उचलायला किती खर्च येईल, हेही लिहायला हवं. याचं कारण कायद्यात आहे. भारतीय वन अधिनियम 1927 चं कलम 26 राखीव वनात बेकायदा प्रवेश, आग लावणं, दगड काढणं, जमीन फोडणं अशा गोष्टींना मनाई करतं. राडारोडा टाकणं असा स्वतंत्र गुन्हा त्या मूळ यादीत नाही. दंडाच्या रकमाही डंपरमालकाला न जाणवणाऱ्या. मात्र त्याच कलमात वनाच्या नुकसानीची भरपाई वसूल करण्याची तरतूद आहे. भरपाई मापावर ठरते. माप नसेल तर उरतो तो किरकोळ दंड.

माल कुठून आला हे शोधणं वाटतं तितकं अवघड नाही. ढिगात फरशांची खोकी असतात, त्यांवर दुकानाचा शिक्का असतो. सिमेंटची पोती, रंगाचे डबे, कुरिअरची पाकिटं, वीजबिलं सापडतात. दवाखान्याचा कचरा असेल तर त्याला हात लावू नका, पण पिशवीचा फोटो काढा. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार त्या पिशव्यांवर बारकोड असावा लागतो आणि त्यावरून रुग्णालयापर्यंत पोचता येतं. इमारत पाडकामाचा माल असेल तर दोन-तीन किलोमीटरच्या परिघात सध्या कोणत्या इमारती पाडल्या जात आहेत ते पाहा. विटांचा रंग, गिलाव्याचा रंग, फरशीची नक्षी जुळते.

मग खरी पकड मिळते, कारण जबाबदारी चालकाकडून बांधकाम करणाऱ्याकडे सरकते. 2016 च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला 300 टनांपेक्षा जास्त राडारोडा काढणाऱ्याला कचरा वेगळा करण्याचं आणि त्याच्या विल्हेवाटीचा आराखडा मंजूर करून घेण्याचं बंधन घातलं. आपल्या मापात पाहा: 20 टन म्हणजे पाच ब्रास, म्हणजे दिवसाला एक हायवा. जवळपास प्रत्येक पुनर्विकास प्रकल्प यात येतो. त्यानंतर 2025 मध्ये नवे नियम अधिसूचित झाले. ते 1 एप्रिल 2026 पासून लागू ठरवले गेले आणि 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर त्यांनी विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व, म्हणजे ज्याने कचरा निर्माण केला त्याच्यावरच त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी, आणलं. माहिती अधिकारात महापालिकेला नेमकं एवढंच विचारा: या इमारतीच्या पाडकामातून किती राडारोडा निघेल असं दाखवलं होतं आणि प्रक्रिया केंद्रावर किती पोचल्याच्या पावत्या आहेत? उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. दाखवलेला आकडा आणि पोचलेला आकडा यांतला फरक तुमच्या टेकडीवर पडलेला असतो. बांधकाम थांबवण्याची नोटीस आली की विकासक स्वतःचे डंपर पाठवून ढीग उचलतो, हे घडताना मी पाहिलं आहे. चालकाला पकडून असं कधी होत नाही. तो रोजंदारीवरचा माणूस, त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा येतो.

आता थोडं कटू बोलतो. टेम्पोतून येणाऱ्या फुटक्या फरशा आणि कमोड हे विकासकांचं काम नाही. ते सदनिकांच्या नूतनीकरणातून येतं, आणि टेकडीलगतच्या ढिगांमधला असा माल बहुधा टेकडीलगतच्याच सोसायट्यांचा असतो. ठेकेदाराने ‘माल उचलण्याचे वेगळे’ म्हणून पैसे घेतले आणि छोटा हत्ती टेम्पो मागच्या वाटेने वर नेला, इतकं ते साधं आहे. यावर उपाय तुमच्या हातात आहे, त्यासाठी कोणत्याही साहेबाच्या सहीची गरज नाही. सर्वसाधारण सभेत ठराव करा: नूतनीकरणाच्या परवानगीसोबत अनामत रक्कम, आणि राडारोडा महापालिकेच्या अधिकृत व्यवस्थेकडे दिल्याची पावती दाखवल्यावरच ती परत. फाटकावर टेम्पोचा क्रमांक आणि बाहेर पडण्याची वेळ नोंदवा. आजूबाजूच्या सोसायट्यांनी मिळून हा ठराव केला तर टेम्पोंचा प्रश्न त्याच महिन्यात उतरणीला लागतो.

आता कॅमेरा. ढिगाच्या जागी लावलेल्या कॅमेऱ्यात अंधारातली एक काळी आकृती आणि दिव्यांचा झगमगाट यापलीकडे काही येत नाही, आणि आठवड्यात तो चोरीलाही जातो. कॅमेरा खाली, जिथे कच्ची वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथे, गाडी वळताना वेग कमी होतो त्या ठिकाणी, विजेच्या आणि माणसांच्या जवळ लावा. नंबरप्लेटवर मुद्दाम चिखल फासलेला असतो, म्हणून बाजूने चित्र येईल असा दुसरा कॅमेरा हवा. हौदावर रंगवलेला क्रमांक, मालकाचं नाव, रंगसंगती यांवरून गाडी ओळखता येते. मुरूम-वाळूसारख्या गौण खनिजाची वाहतूक करणाऱ्या गाड्यांना राज्यात जीपीएस बंधनकारक आहे, आणि राडारोडा वाहणाऱ्या बऱ्याच गाड्या त्याच असतात. चित्रण न्यायालयात टिकायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. कॅमेरा कोण सांभाळतो आणि चित्रण कोणी उतरवून घेतलं हे आधीच लिहून ठरवा, म्हणजे ऐनवेळी सही करायला माणूस असतो.

रात्री डंपर अडवायला मात्र कोणीही जाऊ नका. हे मी अत्यंत गांभीर्याने सांगतो. उतारावरची भरलेली गाडी, घाबरलेला चालक आणि अंधार यांतून जीव गेल्याशिवाय राहत नाही. वेळ, दिशा, क्रमांक टिपा, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर आणि पोलिसांना 112 वर कळवा, आणि सकाळी लेखी अर्ज देऊन आवक क्रमांक घ्या. महिना-दोन महिने अशी नोंदवही नीट ठेवली की राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जायचा रस्ता मोकळा होतो. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. पर्यावरणाच्या वादाचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, नुकसानभरपाई आणि जागा पूर्ववत करण्याच्या मागणीला पाच वर्षांची मुदत आहे. पत्रव्यवहारात सहा महिने निघून जाण्याचं प्रमाण फार मोठं आहे, तेव्हा तारखेवर लक्ष ठेवा.

शनिवारच्या पार्ट्यांचा प्रश्न गाडीची वाट बंद झाली की अर्ध्याहून कमी होतो, कारण ही मंडळी गाडी सोडून फार वर चालत नाहीत. उरलेल्यांसाठी वर्दळ हवी. सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांचे, पक्षी पाहणाऱ्यांचे, शाळांच्या सहलींचे गट ठरलेल्या पायवाटेने जात राहिले की आडोसा संपतो. वारज्याची वनजमीन याचं चांगलं उदाहरण आहे. उजाड पडलेली 16.8 हेक्टर टेकडी लोकसहभागातून हिरवी झाली आणि 5 जून 2020 ला केंद्राने नगर वन योजना जाहीर केली तेव्हा तिचाच दाखला देण्यात आला.

इथे एक विनंती. सरपणाच्या काटक्या नेणाऱ्या बाया, मेंढरं घेऊन जाणारे धनगर, बाटल्या-भंगार वेचणारे कष्टकरी यांना ‘गैरवापर’ करणाऱ्यांच्या यादीत घालू नका. शहरी रहिवाशांच्या तक्रारींत हे पुष्कळदा येतं आणि मला त्याचा त्रास होतो. गाडी कुठून येते, कोणाची असते, कोण वाट दाखवतो हे सगळ्यात आधी याच लोकांना माहीत असतं. चरावरून माणसाला आणि शेळीला ओलांडता येईल अशी दगडी पायरी ठेवा आणि त्यांच्याशी बोलत राहा.

टेकडीवर कचराकुंडी ठेवायची सूचना कोणी केली तर ती मोडून काढा. कुंडीमुळे उष्टं येतं, उष्ट्यामुळे भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीकडे सरकतो. साठलेला कचरा जाळून टाकायचा मोहही नको. टेकडीवरचे वणवे कित्येकदा अशाच ‘साफसफाई’तून लागतात, आणि उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणात जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवून दिली आहे. वाळलेलं गवत पेटण्याआधी, जानेवारी संपण्यापूर्वी, जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढून घेण्याचा आग्रह धरा.

राहिली ढीग उचललेली जागा. तिथे लगेच वृक्षारोपणाचा कार्यक्रम करू नका, राडारोड्यावर माती पसरून तर अजिबात नको. सिमेंट-चुन्यामुळे माती विम्लधर्मी (अल्कलीयुक्त) होते, विटांच्या तुकड्यांत मुळं धरत नाहीत, आणि अशा विस्कटलेल्या जमिनीवर सर्वांत आधी गाजर गवत येतं. मूळ मुरूम दिसेपर्यंत राडारोडा खरवडून काढून घ्या. एक पूर्ण पावसाळा तिथे गवत येऊ द्या. शेजारच्या उतारावरची कुसळी आणि पवन्या ही गवतं आपोआप सरकतात. गाजर गवत फुलायच्या आत उपटा, ऑगस्टमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा. झाडांचा विचार दुसऱ्या वर्षी करा, तोही वनरक्षकाशी बोलून आणि त्या टेकडीवर आधीपासून वाढणाऱ्या जातींपुरताच.